पाळायचे असेल तर वार ठरवा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या अंकाचा विषय : शहराचे उद्याचे रूप आणि गल्लीने घेतलेले संकल्प

प्रश्न (शहापूर, बेळगाव) : गेल्या गणेशोत्सवात आमच्या गल्लीने ‘पंचवीस वर्षांनंतरचे आपले बेळगाव’ हा विषय घेऊन एकवीस कलमांचा संकल्प केला. स्वच्छता, एकोपा, पाणीबचत, झाडे, वडीलधाऱ्यांचा मान, सगळे त्यात आहे. दोनशे सह्या झाल्या, मोठा फ्लेक्स लागला. आज सहा महिन्यांनी त्यातले एकही कलम कोणी पाळत नाही. लोकांना आस्थाच नाही असे समजायचे का?

उत्तर : नाही. आस्था नसती तर मंगाई देवीच्या जत्रेआधी वडगाव-शहापुरात वार पाळले गेले नसते. तिथे कोणी नोटीस काढत नाही, पावती फाडत नाही, तरी ठरल्या वारी शेतातले काम बंद राहते. ते का बंद राहते हे नीट बघा. दिवस ठरलेला असतो. काय करायचे नाही ते एका वाक्यात सांगता येते. दहा एकरवाल्याला आणि दहा गुंठेवाल्याला नियम एकच. कोणी मोडला तर बांधावरून दिसतो. आणि त्याला शेवट असतो, जत्रा झाली की वार सुटतात.

तुमच्या कलमांत यातले एकही नाही. ‘पाणी वाचवू’ हे पाळले की मोडले, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मोडणाऱ्याला चुकल्यासारखे वाटत नाही आणि पाळणाऱ्याला समाधानही मिळत नाही. दोष लोकांचा नाही, कलमाच्या घडणीचा आहे.

एकवीसची तीन कलमे करा. उरलेली अठरा वहीच्या मागच्या पानावर राहू द्या, त्यांचीही पाळी येईल. तिन्ही कलमांत कोण करणार, काय करणार, कोणत्या वारी आणि नोंद कुठे होणार, हे चारही आले पाहिजे. उदाहरणार्थ, ‘स्वच्छता राखू’ याऐवजी असे लिहा : ‘दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता गल्लीच्या वरच्या टोकाच्या दोन घरांनी गटारीच्या जाळीवर अडकलेला कचरा काढायचा. पुढच्या शनिवारी पुढची दोन घरे. वही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात.’ चाळीस घरांची गल्ली असेल तर एका घराची पाळी वीस आठवड्यांनी येते, म्हणजे वर्षाकाठी दोन-तीनदा. एवढे कोणीही करते. हेच काम ‘सर्वांनी मिळून’ म्हटले की तिसऱ्या आठवड्यात तेच चार उत्साही पोरगे उरतात, आणि पाचव्या आठवड्यात तेही येत नाहीत.

पण कोणती तीन कलमे निवडायची, हा खरा मोलाचा भाग आहे आणि तो घाईने उरकू नका. ‘तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की यादी वाढतच जाते, कारण मागायला काही पडत नाही. त्याऐवजी दोन हव्याशा गोष्टी समोरासमोर ठेवा. गल्लीच्या तोंडाशी चार मोटारी लावायला जागा हवी, की संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसायला कट्टा? मंडप रस्ताभर हवा, की रुग्णवाहिका जाईल एवढी दहा फूट वाट मोकळी? यांतले एक सोडावे लागते, तेव्हा गल्लीला खरोखर काय प्रिय आहे ते कळते. फ्लेक्सवरच्या शब्दांतून ते कधीच कळत नाही.

बैठका तीन घ्या, वेगवेगळ्या वेळी. संध्याकाळी सातची एकच बैठक ठेवली की बायका चुलीपाशी अडकतात आणि मागावरच्या कामगारांची पाळी असते. एक बैठक दुपारी तीनला घ्या, एक रविवारी सकाळी. भाडेकरूंना आवर्जून बोलवा. गटार त्यांच्याही दारातूनच जाते. सह्या घराच्या कर्त्या पुरुषाच्या एकट्याच्या नकोत, घरटी दोन घ्या आणि त्यांतली एक बाईची असू द्या. गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांसाठी मराठी मसुद्याचे भाषांतर करून नंतर हातात देऊ नका. कन्नड मजकूर त्यांच्यापैकीच कोणी त्याच बैठकीत बसून लिहावा, दोन्ही मजकूर एकाच कागदावर शेजारी-शेजारी राहावेत. नंतर हातात आलेला कागद हा दुसऱ्याचा कागद वाटतो. उर्दू बोलणारी घरे असतील तर त्यांनाही तेच लागू.

मुदत एका वर्षाची, एका गणेश चतुर्थीपासून पुढच्या गणेश चतुर्थीपर्यंत. मध्ये गुढीपाडव्याला वही सगळ्यांसमोर वाचायची. जे कलम निम्म्या वेळाही पाळले गेले नाही ते खुशाल काढून टाका किंवा लहान करा. रुपयांत दंड मात्र ठेवू नका. ज्याला परवडतो तो पैसे टाकून मोकळा होतो, आणि वसूल करणारा गल्लीचा वैरी बनतो.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : आमच्या भागात जुनी दगडी सार्वजनिक विहीर आहे. वर जाळी, आत निर्माल्य. ती पुन्हा वापरात आणायचा विचार आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तुमच्या टिळकवाडीतच काँग्रेस विहीर आहे. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनासाठी ती खोदली. राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी येण्याआधी हे शहर विहिरींवर जगत होते, आणि १९९० च्या दशकातल्या टंचाईत जुन्या विहिरी उपसूनच पुन्हा वापरात आणल्या गेल्या. तेव्हा तुम्ही करू पाहता ते काम शहराच्या अंगवळणी पडलेले आहे.

आधी विहीर कोणाच्या नावावर आहे ते महापालिकेत बघा आणि लेखी परवानगी घ्या. मग गाळाला हात लावायच्या आधी सभोवार पंधरा मीटरच्या आत शौचकूप, शोषखड्डा किंवा गळकी ड्रेनेज आहे का ते तपासा. बेळगावात बऱ्याच ठिकाणी वर जांभा आणि खाली काळा पाषाण आहे. जांभा सच्छिद्र, त्यातून मैलापाणी सहज झिरपते. ही गळती बंद केल्याशिवाय उपसा केला तर पैसे वाया जातात. सहा महिन्यांत वास परत येतो आणि लोक म्हणतात, विहीरच वाईट.

उपसा एप्रिल-मे महिन्यांत, पाणी सर्वांत खाली असताना. मोठा पंप लावून एका दिवसात विहीर कोरडी करायचा मोह टाळा. भिंतीमागची माती पाण्याने भरलेली असते. आतले पाणी एकदम उतरले की तो दाब भिंतीवर येतो आणि जुने दगडी बांधकाम आत ढासळते. दिवसाला मीटर-दीड मीटर उतरवा, चिरांतून पाणी कुठे येते ते बघत जा.

आणि हे वाक्य बैठकीत मोठ्याने वाचा : डिझेल किंवा पेट्रोलचे इंजिन विहिरीत उतरवायचे नाही आणि हवा तपासल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. झाकलेल्या, कुजक्या गाळाच्या विहिरीत तळाला प्राणवायू नसतो. पेटता कंदील सोडून बघण्याची रीत आहे, पण कंदील जळत राहिला तरी विषारी वायू असू शकतो. म्हणून वायुमापक असलेल्या अग्निशमन दलाची मदत मागा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसे. आतला माणूस कोसळला तर त्याला वाचवायला दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, दोराने ओढायचे. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा जीव जातो तो याच चुकीने.

गाळ काढून झाल्यावर पाणी मोजायला शिका. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५ म्हणजे घनमीटर, त्याला हजाराने गुणले की लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर. निर्जंतुक करायला हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे साधारण ७० ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि एक तास उपसा बंद ठेवा. साका आत गेला तर पाणी जड होते. जुनी, ओलसर झालेली पावडर वापरली तर माप बरोबर असूनही काम होत नाही. पाणी प्रयोगशाळेतून तपासून येईपर्यंत ते धुण्या-भांड्यांना आणि झाडांनाच वापरा.

शेजारच्या छपरांचे पाणी आत सोडता येते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर होतो. बेळगावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवरून गळती-बाष्पीभवन धरूनही लाखभर लिटर मिळते. प्रत्येक पावसाळ्याच्या तोंडाचे पहिले दोनशे लिटर बाहेर सोडा, त्यात पाखरांची घाण आणि धूळ असते. मग खडी आणि वाळूच्या गाळणीतून आत. रस्त्याचे पाणी कधीही आत नको, त्यात तेल असते.

संकल्प म्हणून एकच कलम पुरे : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कठड्यापासून पाण्यापर्यंत फीत सोडून अंतर लिहायचे, त्याच जागेवरून. कठड्यावर रंगाची खूण करून ठेवा, नाहीतर दर वेळी वेगळ्या दगडावरून माप घेतले जाते. तीन वर्षांच्या छत्तीस आकड्यांवरून आजूबाजूच्या बोअरवेल विहिरीचे पाणी ओढतात का, ते दिसू लागते. निर्माल्यासाठी कठड्याशेजारी झाकणाचा वेगळा हौद ठेवा. ‘टाकू नये’ची पाटी एकटी उपयोगाची नाही, टाकायला जागा द्यावी लागते.

प्रश्न (निपाणी) : मंडळाच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम शहराच्या दूरच्या कामासाठी बाजूला काढायची आहे. कशी?

उत्तर : उत्सवाच्या खात्यात ठेवू नका, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ती संपते. वेगळे खाते, दोन सह्या, त्यांतला एक जण मंडळाच्या कार्यकारिणीबाहेरचा. रक्कम ठरवताना ‘शिल्लक राहील ती’ म्हणू नका, वर्गणीतले शंभरातले पाच रुपये आधीच काढा. कर्नाटकातल्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासदांवर संस्था नोंदवता येते. पण नोंदणी झाल्यावर दरवर्षी पदाधिकाऱ्यांची यादी आणि हिशेब दाखल करावा लागतो. बहुतेक मंडळे इथेच अडकतात, चार वर्षांचा हिशेब एकदम जुळवत बसतात. हे काम एका माणसाच्या नावे आणि तारखेने लावून द्या. रक्कम कशावर खर्च करायची ते आधी लिहा. जवाहर तलावाच्या काठची झाडे जगवणे हे चांगले काम आहे, कारण लावायला पैसे थोडे लागतात आणि पुढची तीन उन्हाळी पाणी घालायलाच खरे लागतात.

प्रश्न (कंग्राळी) : गावाने ‘शेती टिकवू’ असा संकल्प केला आहे. बुडाचा (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा) नवा आराखडा आला तर त्या संकल्पाला कागदावर काही वजन आहे का?

उत्तर : नुसत्या संकल्पाला नाही. तो ठराव आणि हरकत या दोन रूपांत गेला तरच वजन येते.

गावात ग्रामसभेचा ठराव करा आणि त्याची शिक्का असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. शहरात राहणाऱ्यांसाठी प्रभाग समिती आहे. कर्नाटक महापालिका कायद्याच्या १३-एच कलमानुसार नगरसेवक अध्यक्ष आणि आणखी दहा सदस्य असतात. त्यांत किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. तुमच्या नातेवाइकांच्या प्रभागात समिती आहे का, इतिवृत्त कुठे मिळते, हे त्यांना विचारायला सांगा.

आता आराखडा. १९६१ च्या कर्नाटक नगररचना कायद्याने सरकारची तात्पुरती मंजुरी मिळाल्यावर आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांना लेखी हरकती द्यायला साठ दिवस मिळतात. दहा वर्षांतून किमान एकदा त्याचा फेरविचार व्हायचा असतो. साठ दिवस भरपूर वाटतात, पण पहिला महिना ‘ऐकले का?’ यातच जातो. म्हणून आराखडा यायची वाट न पाहता आजच प्रत्येक शेताचा उतारा, सर्व्हे क्रमांक, आणि पाण्याची वाट दाखवणारा हाताने काढलेला नकाशा एका फायलीत लावा. आराखडा लागला की आपला सर्व्हे क्रमांक कोणत्या रंगात आहे ते बघायचे. साधारणपणे पिवळा निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, पण त्या नकाशाची स्वतःची रंगसूची वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

हरकत बाद होते ती दोन कारणांनी. ‘आम्हाला हा आराखडा मान्य नाही’ एवढेच लिहिले की पुढे करण्यासारखे काही उरत नाही. आणि एकाच पत्राच्या तीनशे झेरॉक्स दिल्या की त्यांचा मुद्दा एकच मोजला जातो. प्रत्येकाने आपल्या शेताचे लिहावे : हा रस्ता इथून गेला तर या पाटाचे पाणी कुठे अडेल, किती शेतांना पाणी लागणार नाही, आणि त्याऐवजी रस्ता कुठून जाऊ शकतो. पर्याय लिहिलेली हरकत बाजूला सारणे अवघड असते. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडता येते, म्हणजे हरकत मराठीत देता येते. सोबत कन्नड प्रत जोडा, कारण फाईल ज्या टेबलावर जाणार तिथे ती वाचली जायला हवी. हक्क सोडायचा नाही आणि काम अडू द्यायचे नाही. माहिती अधिकाराचे मात्र वेगळे आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये करायचा असतो. शुल्क १० रुपये, उत्तर तीस दिवसांत. कर्नाटकाच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. तीन विषय एकाच अर्जात कोंबले की अर्ज परत येतो आणि महिना जातो.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बहुतेक शेती आराखड्याने जात नाही, त्याआधीच गुंठ्या-गुंठ्याने जाते. एकाने बांधालगतचे दोन गुंठे विकले, घेणाऱ्याने भराव टाकला, आणि वरच्या चार शेतांचे पाणी अडले. पुढच्या पावसात ते चौघेही विकायला निघतात. म्हणून गावाच्या संकल्पात हे कलम घाला : विकण्याआधी तीस दिवस बांधकऱ्यांना कळवायचे, आणि पाण्याची वाट खरेदीखतात लिहूनच द्यायची. पहिल्या भागाला कायद्याची सक्ती नाही, पण मंगाईचे वार पाळायलाही कुठे आहे? दुसरा भाग तर कागदावरच येतो.

प्रश्न (वडगाव शिवार) : दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी भातात शिरते. शहरवाले म्हणतात नाला साफ करा, आम्ही म्हणतो शहराचे पाणी थांबवा. दोघांचा मिळून संकल्प होऊ शकतो का?

उत्तर : होऊ शकतो, आधी दोघांनी एक आकडा समोर ठेवावा. एक एकर भातशेतात बांधाच्या आत चार इंच पाणी उभे राहिले तर ते सुमारे चार लाख लिटर होते. ते पाणी शेत धरून ठेवते आणि सावकाश सोडते. त्याच एकरावर काँक्रीट झाले की चार लाख लिटर तासाभरात नाल्यात येते. तेव्हा बेळगाव बासमतीचे शिवार हे शहराचे पूर रोखणारे धरणच आहे, आणि ते वाचवण्यात शहराचा स्वतःचा फायदा आहे.

शहराच्या बाजूच्या गल्ल्यांनी गच्चीचे पाणी थेट गटारीला न जोडता परड्यात किंवा विहिरीत सोडायचे, आणि गटारीत प्लास्टिक जाऊ द्यायचे नाही. शेताच्या बाजूने नाल्याचा काठ कोरून वाफा वाढवायचा नाही. गाळ काढायची मागणी दोघांच्या सहीने एकाच निवेदनात करायची, फेब्रुवारीत. मे महिन्यात वळवाने यंत्र रुतते.

गाळ काढताना खालच्या अंगाने सुरुवात करून वर यायचे. वरून सुरू केले तर सुटलेला गाळ खाली जाऊन बसतो आणि पाणी मागे फुगते. काढलेला गाळ काठावर ढीग घालून ठेवला तर पहिल्या दोन पावसांत तो नाल्यात परत जातो आणि ठेकेदाराचे बिल मात्र निघालेले असते. म्हणून गाळ कुठे नेऊन टाकणार ते कामाच्या आदेशातच लिहून घ्या. शहराचे मैलापाणी नाल्यात येते, त्यामुळे तपासल्याशिवाय तो गाळ भाताच्या वाफ्यात पसरू नका. रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या आतही हात घालायला लावा. नाला रुंद आणि मोरी अर्धी बुजलेली असेल तर पाणी मोरीच्या मापानेच जाते.

जवळच्या पुलाच्या खांबावर तळापासून अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या लाल रेघा मारा. जून ते सप्टेंबर, पाऊस असेल त्या दिवशी सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला पाणी कोणत्या रेघेवर आहे ते दोन वह्यांत लिहा, एक वडगावात आणि एक शहराकडच्या गल्लीत. फोटो एकाच जागेवरून घ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोन्ही वह्या शेजारी ठेवून आकडे ताडून बघा. जुळले नाहीत तर त्याच आठवड्यात दोघांनी मिळून खांबापाशी जाऊन रेघ वाचायची.